आधी सगळं बाहेर, मग निवडून आत

किडनी रक्तातला कचरा वेचून बाहेर टाकते, असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात काम चालतं ते उलट्या क्रमानं. किडनी कचरा वेचत बसत नाही. पाणी, मीठ, साखर, युरिया असं जवळपास सगळंच ती रक्तातून आधी बाहेर काढते आणि मग त्यातलं कामाचं परत आत घेते. दिवाळीआधी माळा आवरताना सगळं सामान खाली उतरवून हवं तेवढंच पुन्हा वर चढवतात, तसं. आपण हे वर्षातून एकदा करतो. किडन्या रक्तातला सगळा प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा द्रव, दिवसातून साधारण 60 वेळा असा उपसतात.

किडन्या असतात पाठीकडे, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला. उजवी किंचित खाली, कारण वरची जागा यकृतानं अडवलेली. प्रत्येकीची लांबी 10 ते 12 सेंटिमीटर, वजन साधारण 150 ग्रॅम. एवढ्याशा जोडीकडे हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा जातो. त्यांच्या स्वतःच्या पोषणाला इतकं रक्त मुळीच लागत नाही. ते येतं कामासाठी.

हे काम करणारे नेफ्रॉन प्रत्येक किडनीत सुमारे 10 लाख असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो. त्यात रक्त आणणारी वाहिनी रुंद आणि बाहेर नेणारी अरुंद, त्यामुळे आत दाब राहतो आणि रक्तातला द्रव भिंतींमधून झिरपतो. रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं मागे राहतात, बाकी सगळं जातं. मिनिटाला सुमारे 125 मिलिलिटर म्हणजे दिवसाला 180 लिटर! आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. उरलेलं सगळं परत रक्तात गेलेलं असतं.

खरी करामत या परतीच्या प्रवासात आहे. झिरपलेला द्रव आधी एका नागमोडी नळीत शिरतो. दोन तृतीयांश पाणी आणि मीठ तिथेच परत घेतलं जातं, साखर तर जवळजवळ सगळी. मात्र साखर उचलणाऱ्या रेणूंची संख्या ठरलेली असते. रक्तातली साखर दर 100 मिलिलिटरला साधारण 180 मिलिग्रॅमच्या पुढे गेली की ते कमी पडायला लागतात आणि साखर लघवीत उतरते.

पुढे ही नळी किडनीच्या गाभ्यात खोल उतरते आणि वळसा घेऊन वर येते. गाभ्यात तळाशी क्षार आणि युरिया मिळून विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण रक्ताच्या चौपट असू शकतं. उन्हात दिवसभर फिरून पाणी कमी पडलं, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून एक संप्रेरक सुटतं. त्याच्या सांगण्यावरून शेवटच्या नळ्यांच्या भिंती पाणी आरपार जाऊ देतात आणि तो खारट गाभा ते ओढून घेतो. त्या दिवशी लघवी थोडी आणि गडद पिवळी होते ती यामुळे.

एवढा उपद्व्याप कशाला? दीड लिटरसाठी 180 लिटर उपसायचे, हा उधळा कारभार वाटतो, आणि ऊर्जाही भरपूर खातो. पण यात एक शहाणपण आहे. शरीराला प्रत्येक नको असलेला पदार्थ ओळखता येणं शक्यच नाही. हव्या असलेल्या पदार्थांची यादी मात्र छोटी आहे. यादीत नाही ते बहुतेक आपोआप बाहेर.

शिवाय काही पदार्थ नळीच्या पेशी रक्तातून मुद्दाम ओढून लघवीत ढकलतात. पेनिसिलिन त्यातलंच. ऑक्सफर्डमध्ये 1941 साली अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते दिलं, तेव्हा जगात हे औषध चिमूटभरच होतं आणि त्याच्या किडन्या ते भराभर बाहेर टाकत होत्या. शेवटी डॉक्टरांनी त्याच्या लघवीतून पेनिसिलिन वेगळं काढून पुन्हा त्यालाच टोचलं. तो सुधारला, पण औषध संपलं आणि तो गेला.

किडनी निकामी झाल्यावर लावतात त्या डायलिसिसच्या मशीनला ‘निवडून परत घेणं’ जमत नाही. त्यात रक्त एका पातळ पडद्याच्या अलीकडून वाहतं, म्हणून पलीकडच्या द्रवात सोडियमसारखे हवे ते क्षार आधीच मोजून घालतात. दोन्हीकडे प्रमाण जवळपास सारखं असलं की ते रक्तातून फारसे निघून जात नाहीत. युरिया हा कचरा तिकडे नसतो, म्हणून तो जातो. युक्ती नामी आहे, पण ती चालते आठवड्यातून साधारण तीनदा, चार-चार तास. किडन्या चोवीस तास चालू असतात.

आणि त्यांची इतर कामं मशीनला येतच नाहीत. रक्तदाब सांभाळणं, ड जीवनसत्त्वाला वापरण्याजोगं रूप देणं ही त्यातली दोन. तिसरं म्हणजे ऑक्सिजन कमी पडला, की किडनी एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडून अस्थिमज्जेला लाल पेशी वाढवायला सांगते. डायलिसिसवरच्या अनेक रुग्णांचं हिमोग्लोबिन घसरतं ते मुख्यतः हे संप्रेरक पुरेसं बनत नाही म्हणून, आणि मग ते इंजेक्शनमधून द्यावं लागतं.