आधी तळ्याची नोंद, मग प्लॉटचा नकाशा

कोल्हापुरात दोन दिवस झोडपून पाऊस झाला की शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानात पाणी साचतं. नालेसफाई झाली नाही, गटारं तुंबली, अशी ओरड दरवर्षी होते आणि ती रास्तच असते. पण मूळ कारण जुनं आहे. गांधी मैदानाच्या जागी पूर्वी वरुणतीर्थ नावाचं तळं होतं. तळं बुजलं तरी भोवतालच्या जमिनीचा उतार तोच राहिला, आणि पाणी उतार बघून येतं. असं हे एकच तळं नाही. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचं तळं होतं. कपिलतीर्थावर मंडई आली, पेटाळ्याचं मैदान झालं, सिद्धाळ्याची बाग झाली, पद्माळाही गेलं.

ती तळी ज्यांनी बुजवली त्यांना आज दोष देण्यात अर्थ नाही. साचलेलं पाणी म्हणजे डास आणि रोगराई, असंच तेव्हा मानलं जाई. मला काळजी वाटते ती आजची. जागेची किंमत चौरस फुटांत लगेच सांगता येते. तीच जागा पावसाळ्यात किती पाणी पोटात घेते, हे कोणीतरी आधी मोजून लिहून ठेवलेलं नसेल तर ते निर्णयात येतच नाही. शहरातल्या नैसर्गिक जागांसाठी सल्लागार समिती हवी ती याच कामासाठी. परवानगी द्यायची की नाकारायची हा तिच्या कामाचा शेवटचा भाग. त्याच्या कितीतरी आधी, कुठली जमीन काय काम करते याचा कागद तयार असायला हवा.

हिशेब साधा आहे. एका एकरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 4 लाख लिटर पाणी होतं. जमीन गवताची, भुसभुशीत असेल तर त्यातला मोठा वाटा मुरतो किंवा सावकाश वाहतो. त्याच एकरावर सिमेंट आणि डांबर आलं की जवळपास सगळं पाणी थोड्या वेळात नाल्यात उतरतं. जयंती नाला शहराच्या मध्यातून पंचगंगेला मिळतो. नदी आधीच फुगलेली असेल तर नाल्याला पुढे जायला वाट राहत नाही आणि पाणी उलटं वस्तीत शिरतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. एवढा महापूर शहरातल्या दोन-चार पाणथळ जागा अडवू शकत नाहीत, हे मान्यच करायला हवं. पण दर पावसाळ्यात येणारं, पेठा-पेठांत गुडघाभर साचणारं पाणी याच जागांवर ठरतं.

यासाठी कायद्यानं समित्या दिलेल्या आहेत. जैविक विविधता कायदा 2002 चा. त्याच्या कलम 41 नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेनं, म्हणजे महापालिकेनंही, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आहे. 2023 च्या दुरुस्तीनंतर तिच्यात 7 ते 11 सदस्य असतात. तिचं मुख्य काम लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे आपल्या भागातल्या जीवसृष्टीची नोंद, तयार करणं. ही नोंदवही स्थानिक लोकांशी बोलूनच करायची, असं नियमच सांगतात. कायदा आल्यावर बरीच वर्षं बहुतेक ठिकाणी ही वही कोरीच होती. मग राष्ट्रीय हरित लवादानं 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना दरमहा 10 लाख रुपये दंडाची तंबी दिली. तेव्हा कुठे कामाला वेग आला. मुदतीच्या धाकानं भरलेली वही आणि वर्षभर फिरून भरलेली वही यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

चांगली नोंद कशी असते, ते रंकाळा तलावाच्या परताळ्याच्या बाजूला पाहू. उथळ पाणी, पाणकणीस, दलदल. हिवाळ्यात इथे आलेला माणूस वारकरी पक्षी आणि थापट्या बदक लिहून घेईल. पावसाळ्यात आलेला माणूस जांभळी पाणकोंबडी, तिची पिल्लं आणि पाण्याची पातळी लिहील. मासे धरणाऱ्या भोयाला विचारलं तर मरळ आणि वांब पूर्वी किती मिळायची आणि चिलापी कधीपासून वाढली, हे तो सांगू शकतो. यातली कुठलीही एक नोंद पुरेशी नाही. भर उन्हाळ्यात ही जागा कोरडी, भेगाळलेली दिसते. त्याच वेळी कोणी पाहणी करून ‘पडीक जमीन’ असा शेरा मारला तर पुढे मुरमाचा भराव पडायला कागदोपत्री काहीच आड येत नाही. म्हणून नोंदीवर ऋतू, तारीख आणि जागेचे अक्षांश-रेखांश हवेतच.

या दलदलीचं काम डोळ्यांना दिसत नाही. नाल्याचं पाणी पाणकणसातून जाताना मंदावतं आणि गाळ खाली बसतो. तळाच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथले जिवाणू पाण्यातल्या नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. फॉस्फरसला अशी वाट नाही. सांडपाण्यातून, साबण-डिटर्जंटमधून तो येतो आणि तळाच्या गाळात लोहाशी जखडून राहतो. गाळाच्या वरच्या थरात उरलेला प्राणवायूही संपला की ही पकड सुटते आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरतो. त्यामुळे नाले वळवले, जलपर्णी काढली, तरी पाणी पुन्हा हिरवं होऊ शकतं. तलावाच्या काठावरची दलदल ‘सुशोभीकरणा’त जाऊ द्यायची का, हा प्रश्न समितीपुढे येईल तेव्हा तिला हे ठाऊक असायला हवं. माझं मत विचाराल तर काठावर फरशी घालण्याआधी त्या चिखलाची तपासणी व्हायला हवी.

इथे कायद्यातली एक फट लक्षात घ्यायला हवी. 2017 च्या पाणथळ नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. शहराला पाणी देण्यासाठी बांधलेला कळंबा तलाव त्यामुळे या नियमांच्या कक्षेत सहजी बसत नाही, मग तिथे कितीही पक्षी उतरोत. दुसरं असं की देशाचा पाणथळ नकाशा उपग्रहचित्रांवरून तयार झाला, तेव्हा 2.25 हेक्टरपेक्षा मोठ्या जागांच्याच सीमा त्यात आखल्या गेल्या. लहान तळी नुसत्या ठिपक्यांनी दाखवली आहेत. ठिपक्याला हद्द नसते, आणि हद्द नसेल तर अतिक्रमण सिद्ध कसं करायचं? वरून न दिसणारी ही हद्द जागेवर जाऊन आखणं स्थानिक समितीलाच शक्य आहे.

दुसरी व्यवस्था आहे वृक्ष प्राधिकरण. ते 1975 च्या राज्याच्या कायद्यानं आलं. झाडांची गणना करणं, रोपवाटिका चालवणं, रस्ते-इमारतींचे प्रस्ताव झाडांच्या बाजूनं तपासणं ही त्याची कामं. झाड तोडायचं असेल तर नोटीस वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि झाडावरही लावावी लागते, म्हणजे कोणालाही हरकत घेता येते. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’ ठरवलं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची अट घातली. मग सगळं येऊन ठेपतं ते झाडाच्या वयावर. जमिनीपासून सुमारे 1.37 मीटर उंचीवर टेप गुंडाळून घेर मोजतात आणि त्या जातीच्या वाढीच्या वेगावरून वय काढतात. सागाच्या खोडात वर्षागणिक वलयं दिसतात, पण आपल्याकडच्या कितीतरी झाडांत ती स्पष्ट नसतात. वडाचं तर विचारूच नका. पारंब्या खोडाला चिकटून खोडच होऊन जातात, मग टेप नेमका कशाचा घेर मोजतो? 48 आणि 52 यांतला फरक मोजणाऱ्याच्या हातात असतो, म्हणून मोजणारा वनस्पतिशास्त्र जाणणाराच हवा. आणि 60 वर्षांच्या झाडाबदली 60 रोपं लावायची तर जागा कुठे, हा प्रश्न पुन्हा जमिनीपाशीच आणून सोडतो.

सल्ला देणाऱ्या मंडळाला दात असू शकतात का? अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं बोल्डर शहर याचं उत्तर देतं. तिथल्या मतदारांनी 1967 मध्ये मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला. या जमिनींवर लक्ष ठेवायला पाच नागरिकांचं विश्वस्त मंडळ आहे. एरवी ते नगर परिषदेला सल्लाच देतं. पण घेतलेली जमीन विकायची किंवा दुसऱ्या कामाला द्यायची म्हटली, तर पाचांपैकी किमान तिघांची संमती लागते. 1986 मध्ये शहराच्या सनदेतच तशी तरतूद झाली. शंभर बाबींत सल्ला द्यावा आणि एका बाबीत, जी नंतर परत फिरवता येत नाही तिथे, नकार देता यावा, ही मांडणी मला अतिशय शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे जमीन हातची जाते ती बहुतेक वेळा विक्रीनं नव्हे, तर तारीख उलटल्यानं. विकास आराखड्यात बागेसाठी, मैदानासाठी आरक्षण पडतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 127 नुसार 10 वर्षांत ती जमीन घेतली गेली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत की आरक्षण संपतं. मालकाच्या बाजूनं हे न्याय्यच आहे. कोणाची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? म्हणून समितीच्या प्रत्येक बैठकीत पहिला विषय असावा तो आरक्षणांच्या तारखांचा. पुढच्या दोन वर्षांत कुठलं आरक्षण मुदतीत येतंय, त्या जागेवर ओढा आहे का, जुनी झाडं आहेत का, आणि पैसे थोडे असतील तर आधी कुठली घ्यायची. टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क, देऊन मालकाचं समाधान होत असेल तर तो प्रस्तावही वेळेत जायला हवा.

महापालिकेची हद्द 66.82 चौरस किलोमीटर आहे आणि तिच्यातली बरीचशी तळी हातची गेली आहेत. बाहेर मात्र अजून वेळ आहे. 2017 मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं आणि भोवतालची 42 गावं त्यात आली. या गावांत गायरानं आहेत, ओढे आहेत, नदीकाठच्या मळ्या आहेत, आणि प्लॉटिंगही जोरात आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीला आपली जैवविविधता समिती आहे किंवा असायला हवी. त्या समित्यांनी येत्या पावसाळ्यात फक्त एवढं करावं: पाणी कुठे थांबतं, किती दिवस थांबतं आणि कुठून बाहेर पडतं, ते गट नंबरासहित लिहावं, ग्रामसभेत वाचून दाखवावं आणि ठरावासोबत प्राधिकरणाकडे पाठवावं, म्हणजे त्या गटाचा लेआउट मंजुरीला येईल तेव्हा फाइलमध्ये हा कागद आधीपासून असेल.