कमी गुण म्हणजे सिस्टर कच्ची?

‘मन मुळातच घट्ट असावं लागतं, मनोबल मोजणाऱ्या चाचणीत गुण कमी आले तर ती सिस्टर आयसीयूच्या कामाची नाही,’ हा समज जुना आहे आणि चुकीचा. व्यवस्थापनतज्ज्ञ फ्रेड लुथान्स आणि सहकाऱ्यांची ‘मानसिक भांडवल’, म्हणजे कामावरचं मनोबल, मोजणारी २००७ची प्रश्नावली घ्या. आशा, आत्मविश्वास, चिवटपणा आणि आशावाद यांवर प्रत्येकी सहा, अशी २४ विधानं; उत्तरं १ ते ६. ती जन्मजात स्वभाव मोजत नाही. मोजते ती सध्याची अवस्था, आणि ती प्रशिक्षणाने बदलू शकते. शिवाय उत्तरं ज्याची त्याने द्यायची. कागद मेट्रनकडे जाणार म्हटल्यावर खरं कोण लिहील? सलग नाइट ड्युट्या किती, एका सिस्टरमागे पेशंट किती, हे त्यात विचारलेलंच नसतं. त्यासाठी ड्युटीचा तक्ता काढावा लागतो.