पार्श्वभूमी : वर्षाआडचा हापूस आणि दापोलीची दोन उत्तरे

हापूसच्या कलमांना संजीवक, म्हणजे पालवीचा जोर रोखून मोहोर आणणारे रसायन, घालावे की नाही, हा वाद कोकणात दर पावसाळ्यात नव्याने निघतो. एका बाजूचे म्हणणे, संजीवकाने बागा मारल्या. दुसरी बाजू विचारते, ते नसते तर पोरांची शिक्षणे कशावर झाली असती? दोन्ही बाजू बोट दाखवतात ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे. हे विद्यापीठ 1972 साली सुरू झाले. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र त्याच्याही आधीचे, 1957 सालचे.

हापूस एक वर्ष भरभरून धरतो आणि पुढच्या वर्षी रुसतो, हे बागायतदारांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. ज्या काडीने फळ दिले ती दमलेली असते. तिच्यावर नवी पालवी उशिरा फुटते, थंडी येईपर्यंत ती जून होत नाही आणि कोवळ्या काडीवर मोहोर येत नाही. भरीला साका. वरून सोन्यासारखे दिसणारे फळ कापले की आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर. विद्यापीठासमोर ही दोन दुखणी होती.

पहिले उत्तर संकराचे होते. नीलम दरवर्षी धरतो, म्हणून नीलम आणि हापूस यांचा संकर करून 1981 साली ‘रत्ना’ बाहेर पडली. फळ हापूसपेक्षा मोठे, गरात धागा नाही, साका नाही आणि दरवर्षी धरणारे. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून 1992 साली ‘सिंधू’ आली. तिची कोय इतकी पातळ की लोक तिला बिनकोयीचाच आंबा म्हणतात. कागदावर पाहिले तर प्रश्न इथेच सुटायला हवा होता. तो सुटला नाही, कारण पेटी उघडणाऱ्या गिऱ्हाईकाला हापूस हवा होता. रत्ना चवीला कमी पडली असे म्हणणारे बरेच भेटतात, पण त्यातल्या किती जणांनी ती झाडावर पुरती तयार होऊ देऊन खाल्ली आहे, याची मला शंका आहे.

दुसरे उत्तर रसायनाचे होते. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात दापोलीत हापूसवर पॅक्लोब्युट्राझोलचे प्रयोग झाले. बागेत त्याला कोणी या नावाने ओळखत नाही, सगळे कल्टार म्हणतात. वादातले संजीवक ते हेच. झाडाच्या वाढीला लागणारे जिब्रेलिन तयार होण्याची क्रिया हे द्रव्य रोखते. पालवीचा जोर ओसरतो, काडी वेळेत पक्व होते आणि मोहोर येतो, तोही तीन-चार आठवडे लवकर. वर्षाआडचे झाड दरवर्षी धरू लागते.

शिफारस नेमकी होती. झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजायचा, सरासरी काढायची आणि दर मीटरला 3 मिली कल्टार, म्हणजे 0.75 ग्रॅम क्रियाशील घटक, पाण्यात मिसळून द्यायचे. वेळ साधारण 15 जुलै ते 15 ऑगस्ट. पावसाने उघडीप दिली की बुंधा आणि फांद्यांचा घेर यांच्या मधोमध गोलाकार पहारीने पंचवीस-तीस छिद्रे पाडायची, प्रत्येकात थोडे द्रावण ओतायचे आणि माती लोटून बंद करायची. आजही जुलैत बागेत गेलात तर जांभ्याच्या लाल मातीत कलमाभोवती बुजवलेल्या छिद्रांचे कडे दिसते.

शिफारशीत अटी होत्या, आणि वादाचे मूळ तिथेच आहे. झाड निरोगी आणि वयात आलेले हवे. खताची मात्रा पुरी हवी, कारण विश्रांतीचे वर्ष काढून घेतले तर झाडाला खायला घालावेच लागणार. शिवाय हे द्रव्य मातीत बराच काळ टिकते, त्यामुळे डोळे मिटून दरवर्षी तेवढेच ओतणे शहाणपणाचे नव्हते.

पण कोकणातली बाग बहुधा मालक स्वतः करत नाही. मालक मुंबईत, बाग कराराने दिलेली. एक-दोन वर्षांसाठी बाग घेणाऱ्याला वीस वर्षांनंतरच्या कलमाशी काय देणेघेणे? त्याला वाशीच्या घाऊक बाजारात पहिली पेटी हवी असते, कारण फेब्रुवारी-मार्चचा भाव मे महिन्यात मिळत नाही. मग विस्तार मोजणे राहते, मात्रा अंदाजाने पडते, आणि अंदाज नेहमी वरच्याच बाजूला चुकतो. खताचा खर्च मालकाने करायचा की करारवाल्याने, यात खत राहून जाते. आखूड, गुच्छासारखी पालवी, वाळणाऱ्या फांद्या अशी कलमे मग ‘कल्टारने गेली’ म्हणून दाखवली जातात. द्रव्याचा दोष नाही असे नाही, पण माझ्या मते मोठा दोष कराराच्या पद्धतीचा आहे. विद्यापीठाची चूक असलीच तर ती प्रयोगशाळेतली नाही. पत्रकावरची अट पाळणारा माणूस बागेत उभा नसतो, हे तिथे लक्षात घेतले गेले नाही.

त्यात वेळ अशी आली की 1990-91 पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना सुरू झाली. वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या, जमिनींवर कलमे उभी राहिली. इतकी कलमे पुरवणे, झाडाच्या फांदीला रोप जोडून करायच्या जुन्या भेटकलमाला जमले नसते. नुकत्या रुजलेल्या कोयीवर काडी बसवणारे कोयकलम विद्यापीठाने हाताशी आणून दिले होते, म्हणून ते शक्य झाले. ही कलमे धरायच्या वयाला आली तेव्हा संजीवक तालुक्याच्या दुकानात मिळू लागले होते.

साक्यावरचे काम मात्र वादाशिवाय पसरले. फळ चौदा आणे (सोळापैकी चौदा, म्हणजे जवळपास पुरते) तयार झाले की काढा, त्यापलीकडे झाडावर ठेवू नका, हा सल्ला आज गडीसुद्धा देतो. देठासकट फळ उतरवणारा ‘नूतन झेला’ आणि फळमाशीसाठीचा ‘रक्षक’ सापळा हीसुद्धा दापोलीचीच देणगी.

अलीकडचे दुखणे पुनर्मोहोराचे आहे. झाडावर कणी-सुपारीएवढी फळे असताना जानेवारी-फेब्रुवारीत थंडी लांबली की पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीची फळे गळतात. त्यावर विद्यापीठाने जिब्रेलिक आम्लाची, म्हणजे जिब्रेलिनचीच, 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50 भाग) फवारणी सुचवली आहे. म्हणजे जुलैत जे रोखायचे, तेच जानेवारीत वरून मारायचे! शास्त्र म्हणून यात विसंगती नाही, पण बागायतदाराच्या खर्चाच्या वहीत दोन्ही ओळी येतात. त्यावर तुडतुडे, फुलकिडे आणि त्यांच्या फवारण्या. 2020 चे निसर्ग आणि 2021 चे तौक्ते या चक्रीवादळांनी उन्मळून पाडलेल्या कलमांचा हिशेब निराळाच.

ऑक्टोबर 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. देवगड आणि रत्नागिरी यांनी एकाच नावाखाली यावे का, यावर आधी बराच खल झाला होता. मानांकन ‘हापूस’ या नावाला मिळाले, त्यामुळे रत्ना आणि सिंधू त्याच्या बाहेर राहिल्या. आता नवी बाग लावणारा हापूसच लावतो, आणि हापूस लावला की जुलैचा प्रश्न त्याच्या पुढ्यात येतोच.