हेल्गोलँड : शरद ऋतूतल्या पक्षीनोंदींची पार्श्वभूमी

उत्तर समुद्रातलं हेल्गोलँड हे जर्मन बेट जेमतेम एक चौरस किलोमीटरचं, झाडझाडोरा मोजका. स्कँडिनेव्हियातून दक्षिणेकडे निघालेले पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यावरून जातात. बेटकरी पूर्वी माळावर फांद्या रोवून, बाजूला जाळं लावून कस्तूर पक्षी पकडायचे आणि खायचे.

१८३७मध्ये इथे आलेला एक चित्रकार पुढे सरकारी सचिव झाला आणि आयुष्यभर नोंदी ठेवत राहिला. १८९१मध्ये त्याचा ग्रंथ आला आणि वादही सुरू झाला. ब्लूथ्रोट (महाराष्ट्रात हिवाळ्यात पाणथळीच्या कडेला दिसतो तोच) वसंतात इजिप्तहून एका रात्रीत बेटावर पोचतो, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास उडतो, असं त्याचं म्हणणं. कारण काय, तर वाटेत तो कुणाला दिसत नाही. हे चूकच होतं. ब्लूथ्रोट रात्री उडतो, दिवसा पाणथळीतल्या उंच गवतात दडतो. दिसत नाही म्हणजे उतरत नाही असं नव्हे. पण याच चुकीवर बोट ठेवून त्याच्या सगळ्याच नोंदी संशयित ठरवणं त्याहून अन्यायाचं होतं. सायबेरियातला पिवळ्या भुवईचा इवलासा वटवट्या त्याने बेटावर अनेकदा नोंदवला होता. मुख्य भूमीवरच्या घनदाट झाडीत तो हरवतो, इथल्या चार झुडपांत सापडतो. १९८०नंतर पश्चिम युरोपभर त्याच्या शरदातल्या नोंदी वाढत गेल्या.

बेटावरचा आकडा वाचताना हवामान आधी पाहावं. निरभ्र रात्री, पाठीशी वारा असेल तर हजारो पक्षी न थांबता वरून निघून जातात आणि सकाळी माळ रिकामा असतो. पूर्वेचा वारा आणि पहाटे पाऊस किंवा धुकं असलं की झुडूपन् झुडूप भरतं. त्यामुळे 'आज काहीच नाही' या नोंदीवरून स्थलांतर थांबलं असं मानता येत नाही.

१९१०मध्ये पक्षीकेंद्र निघालं आणि फांद्यांच्या त्या जुन्या युक्तीतून पिंजरा तयार झाला : तारेच्या जाळीचं मोठं नरसाळं, तोंडाशी रुंद, आत झुडपं, मागे निमुळतं, शेवटी काच लावलेली पेटी. मध्ये वळण ठेवतात. तोंडाकडचं आभाळ दिसत राहिलं तर पक्षी उलटा फिरतो. पक्ष्यांना तोंडाकडून आत हाकतात, पण हाकारा संथ हवा. घाई केली की पक्षी डोक्यावरून मागे निसटतात. काचेतून येणाऱ्या उजेडाकडे झेपावलेला पक्षी पेटीत शिरला की झडप पाडायची, त्याला कापडी पिशवीत घ्यायचं, पायात क्रमांकाची कडी घालायची, पंखाची लांबी, चरबी, वजन नोंदवून लगेच सोडायचं. तोच पक्षी तीन दिवसांनी पुन्हा सापडला तर मुक्काम किती आणि वजन किती वाढलं ते कळतं. नुसत्या दुर्बिणीने बघणाऱ्याच्या वहीत मात्र एकाचे तीन पक्षी होऊ शकतात. १९३३मध्ये वेल्सच्या स्कोकहोम बेटावर असाच पिंजरा उभा राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर बेट ब्रिटिशांच्या ताब्यात होतं; १८ एप्रिल १९४७ला त्यांनी घडवलेल्या प्रचंड स्फोटाने बेटाचा एक भाग उडाला. १९५२मध्ये ते जर्मनीला परत मिळालं, १९५३मध्ये पक्षीकेंद्र पुन्हा सुरू झालं. पिवळ्या भुवईच्या वटवट्याबद्दल एक वाद अजून चालूच आहे : पश्चिम युरोपात येणारे हे वाट चुकलेले पक्षी, की पश्चिमेकडे नवा हिवाळी मुक्काम शोधणारे? कडी घातलेला तोच पक्षी पुढच्या शरदात पुन्हा हाती लागला, तर दुसरी बाजू बळावते.