दुकानाचा वीजभार, नवी जोडणी आणि जनरेटर: अर्ज नेमका कुठे अडतो

मुंबईत धंद्यासाठी वीजजोडणी मिळणं तसं अवघड नाही. तरी अर्ज परत येतात. एक तर भाराचा आकडा अंदाजाने ठोकलेला असतो, नाहीतर जागेचा कागद कच्चा असतो. जनरेटरचं दुखणं वेगळं: तो आधी विकत घेतात आणि ठेवायचा कुठे हे नंतर ठरवायला बसतात.

अर्ज कुणाकडे करायचा ते जागेवरून ठरतं. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, पुढे उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण. अर्ज ऑनलाइन भरता येतो. ओळखपत्र, पॅन, फोटो यांत सहसा कुणाचं अडत नाही.

भाराचा कागद

'किती किलोवॅट?' या रकान्यात शेजारच्या दुकानदाराचा आकडा उतरवू नका. प्रत्येक यंत्राच्या पाठीवर पट्टी असते, तिच्यावरचे वॅट लिहून काढा. मोटरवर एचपी दिलेला असेल तर १ एचपी म्हणजे ७४६ वॅट.

केकचं एक छोटं दुकान धरा. ओव्हन ६ किलोवॅट, मिक्सर पाऊण, दोन डीप फ्रीझर मिळून ०.८, थंड शोकेस ०.६, दीड टनाचा एसी १.६, दिवे-पंखे अर्धा, बिलिंगचा संगणक आणि राउटर पाव. बेरीज साडेदहा किलोवॅट. एवढ्या भाराला तीन फेजची जोडणी मागायची असते. घरी एक फेज आहे म्हणून इथेही एकच लिहिली, तर अर्ज पहिल्याच टेबलावर थांबतो.

भार कमी दाखवून पैसे वाचतील हा हिशेब करू नका. मंजूर भारापेक्षा जास्त वापर तपासणीत उघडा पडतोच. उलट 'पुढे धंदा वाढेल' म्हणून फुगवूनही लिहू नका. वाणिज्यिक दरात २० किलोवॅटपर्यंत स्थिर आकार (वीज वापरा-न वापरा, दरमहा लागणारी रक्कम) दर जोडणीमागे असतो. त्यापुढे तो केव्हीएमध्ये (व्होल्ट गुणिले अँपिअर, हजारांत) मोजलेल्या कमाल मागणीवर लागतो, आणि करारात कबूल केलेली मागणी वापरली नाही तरी तिच्या काही हिश्श्याचं बिल येतंच. वर त्या करारातल्या मागणीच्या पलीकडे गेलात तर जादा मागणीवर दीडपट आकार. त्यामुळे १९ आणि २१ यांत दिसतो त्यापेक्षा बराच फरक आहे.

वर्गवारीही नीट निवडा. पिठाची गिरणी आणि छापखाना औद्योगिक दरात बसतात, पण अर्जदार 'दुकान' म्हणून वाणिज्यिकवर खूण करून मोकळे होतात आणि वर्षानुवर्षं जास्त भरत राहतात. खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही. घरगुती मीटरवर धंदा चालवणाऱ्यांना मात्र वीज कायद्याचं कलम १२६ भेटतं: दुप्पट दराने आकारणी, आणि कधीपासून वापर चालू होता ते ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची.

आता त्याच कागदावर दुसरा रकाना आखा: वीज गेल्यावर काय बंद पडलेलं परवडणार नाही? केकच्या दुकानात फ्रीझर, शोकेस, दिवे, बिलिंग. सगळं मिळून सव्वादोन किलोवॅटच्या आतच. ओव्हन आणि एसी त्यात नाहीत. जनरेटर विकणारा पहिला रकाना बघून बोलतो, तुम्ही दुसरा दाखवा.

जागेचा कागद

सर्वांत जास्त अर्ज इथे अडकतात. गाळा भाड्याचा असेल तर लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृत हवा. '११ महिन्यांचाच आहे, नोटरी केलाय' हे चालत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. सोबत मालकाचं ना-हरकत पत्र घ्या, आणि तेही करारावर सही होण्याआधी. नंतर मालक फोन उचलत नाहीत.

पागडीच्या गाळ्यांची गोष्ट आणखी चिवट. गिरगाव-लालबागकडे भाडेपावती अजून वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, आणि पावती बदलायला मालक तयार नाही. अशा वेळी लोक हात टेकतात. वीज कायद्याचं कलम ४३ मालकाबरोबर 'भोगवटादार' (जागा प्रत्यक्ष वापरणारा) असंही म्हणतं, हे लक्षात ठेवा. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, चालू भाडेपावत्या, पत्त्यासह गुमास्ता (दुकानाच्या नोंदणीचा कागद) असं सगळं एकत्र जोडून भोगवटा दाखवा. एकच जुनी पावती घेऊन गेलात तर परत पाठवतील.

गुमास्त्यावरूनही वाद होतात. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यापासून थोडे कामगार असलेल्या दुकानांना नोंदणी दाखला मिळत नाही, फक्त सूचना दिल्याची पावती मिळते. 'लायसन्स आणा' म्हणणाऱ्याला तीच पावती शांतपणे दाखवा.

जुन्या भाडेकरूची थकबाकी आहे का, ते अनामत देण्याआधी पाहा. आधीच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकला की समजतं. जागेची जुनी थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. 'ती माझी नाही' म्हणून ती सुटेलच असं नाही.

शेवटचा कागद वायरिंगच्या चाचणी अहवालाचा. तो परवानाधारक विद्युत ठेकेदाराचाच लागतो. गल्लीतला वायरमन कुणाची तरी सही 'आणून देतो', आणि त्या अहवालातला भार अर्जातल्या भाराशी जुळत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून आकडे तपासा.

बॅकअप: इन्व्हर्टर की जनरेटर

मुंबईत वीज रोज जात नाही. जाते तेव्हा १२ ऑक्टोबर २०२० सारखी अख्ख्या शहराची जाते, किंवा २६ जुलै २००५ सारखी पाणी भरल्यामुळे बंद ठेवावी लागते. छोट्या दुकानाला बहुतेक वेळा इन्व्हर्टर पुरतो. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या चार बॅटऱ्या कागदावर ७.२ युनिट दाखवतात, पण लेड-ॲसिडमधून हाती साधारण निम्मीच येतात. सव्वादोन किलोवॅटला दीड तास धरा. कॉम्प्रेसर सुरू होताना कैकपट करंट ओढतो, म्हणून इन्व्हर्टर नेमक्या मापाचा न घेता मोठा घ्या. हिंदमातासारख्या पाणी तुंबणाऱ्या ठिकाणी बॅटऱ्या जमिनीवर ठेवणं म्हणजे त्या पाण्यात घालणं.

काही तास तग धरायचा असेल तर जनरेटर. ५ केव्हीए म्हणजे सुमारे ४ किलोवॅट. मग खरी अडचण पुढे येते: आवार सोसायटीचं असतं. सचिवाचं तोंडी 'ठेवा हो' पुरत नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या. डिझेल सेटच्या धुराड्याचा नियम तर विक्रेता सांगतच नाही. इमारतीच्या उंचीपेक्षा धुराडं वर न्यावं लागतं, किती ते केव्हीएच्या वर्गमुळाला ०.२ ने गुणून मीटरमध्ये काढतात. २५ केव्हीएला गच्चीच्या वर १ मीटर. चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर गाळा असेल तर पाइप कुणाच्या खिडक्यांसमोरून जाणार, ते आधी बघा. ठराव तिथेच फिसकटतो.

१ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या सेटना सीपीसीबी-४ प्लस हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं धुराचं मानक लागू आहे. स्वस्तात मिळणारा जुना सेट घेण्यापूर्वी हे आठवा. क्षमता ठरली की विद्युत निरीक्षक कार्यालयात परवानगीचं विचारा, तेही पैसे देण्याआधी. चेंजओव्हर स्विच (एका वेळी एकतर लाइन, नाहीतर जनरेटर जोडणारा) टाळू नका. तुमची वीज उलटी लाइनवर गेली तर खांबावर किंवा फीडर पिलरजवळ (रस्त्याकडेची वीजवाटपाची पेटी) काम करणाऱ्याचा जीव जातो. आणि पेट्रोलचा छोटा सेट पोटमाळ्यावर किंवा शटर ओढून कधीही चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मुदत

'तीन दिवसांत जोडणी' हे वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या २०२४ च्या सुधारित नियमांतलं वाक्य महानगरांसाठी खरं आहे. पण दिवस मोजायचे ते कागद पूर्ण असलेल्या अर्जापासून, आणि नवी केबल किंवा उपकेंद्र लागत नसेल तरच. फॉर्म भरल्याच्या तारखेपासून मोजून भांडायला जाऊ नका.

नकार आला तर तो लेखी मागा, कारणासह. तोंडी नकारावर पुढे काहीच करता येत नाही. लेखी असेल तर आधी कंपनीचा तक्रार निवारण कक्ष, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि मंचाच्या आदेशानंतर ६० दिवसांच्या आत विद्युत लोकपाल. हे ६० दिवस मंचाच्या आदेशापासून धरायचे, कंपनीच्या पहिल्या नकारापासून नव्हे.