परत न आलेलं गिऱ्हाईक

"अंग मोडून आलंय, नाक वाहतंय. काहीतरी द्या ना."

काउंटरमागचा मुलगा विचारात न पडता सर्दीच्या गोळ्यांची स्ट्रिप पुढे सरकवतो. "ही दिवसातून तीनदा. ताप वाटला तर ही साडेसहाशेची, चार वेळा घेतली तरी चालते." झोपताना गरम पाण्यातून घ्यायची एक पुडीही तो सुचवतो. बोलण्यात आपुलकी आहे, आवाजात खात्री आहे. नाही ते फक्त औषधशास्त्राचं शिक्षण.

या खरेदीची जरा बेरीज करू. सर्दीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं. समजा एकीत ५०० मिलिग्रॅम आहे, तर तीन गोळ्यांचे झाले १५००. तापाच्या चार गोळ्यांचे २६००. पुडीत आणखी ५०० धरू. एकूण ४६०० मिलिग्रॅम. प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा आहे ४०००. तिन्ही पाकिटांचे रंग वेगळे, नावं वेगळी. एकच औषध तीन वाटांनी पोटात चाललंय हे घेणाऱ्याला कळत नाही आणि देणाऱ्यालाही.

धडधाकट माणसाला एका दिवसात यानं बहुधा काही होणार नाही. पण हेच चार-पाच दिवस चाललं, माणूस किडकिडीत असला, तापानं जेवण सुटलेलं असलं किंवा रोज दारू घेणारा असला, तर प्रकरण यकृतावर जातं. यकृत पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर धाडतं. थोड्या भागापासून मात्र 'नॅपक्वी' नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. त्याला निकामी करायला यकृताजवळ ग्लुटाथायोन नावाच्या द्रव्याचा साठा असतो. साठा संपला की नॅपक्वी यकृताच्या पेशींवरच उलटतं. यातली खरी मेख वेळेची आहे. पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते, कधी तेवढीही होत नाही. यकृताला झालेली इजा उघड होते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. यावरचं ॲसिटिलसिस्टीन हे औषध मात्र पहिल्या आठ तासांत दिलं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं.

म्हणजे त्या मुलाच्या सल्ल्याचा परिणाम त्याला कधी दिसतच नाही. रुग्ण इस्पितळात जातो, दुकानात नाही.

चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांबद्दल बोलताना आपण 'त्याला ज्ञान नाही' एवढ्यावर थांबतो. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "अहो, पंधरा वर्षं काउंटरवर उभा आहे, अनुभव आहे." मला खटकतं ते हेच. सुताराचं लाकूड चुकीचं कापलं गेलं तर ते तिथल्या तिथे दिसतं, म्हणून त्याचा अनुभव त्याला शिकवतो. औषधाच्या काउंटरवर तसं होत नाही. सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते, साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते. त्रास शिगेला पोहोचला की माणूस दुकान गाठतो, आणि शिगेनंतर उतारच असतो. गोळी कुठलीही द्या, बहुतेक गिऱ्हाइकं बरीच होणार आणि पुढच्या वेळी "तीच द्या, गुण आला" म्हणणार. ज्याला अपाय झाला, तो परत येत नाही. पंधरा वर्षांत साठत जाते ती फक्त खात्री.

हे फक्त अशिक्षित विक्रेत्यांपुरतं आहे असंही नाही. बंद नाकावर पोटातून घ्यायचं फिनाइलएफ्रिन हे औषध जगभर वर्षानुवर्षं खपलं. विक्रेत्यांनी दिलं, फार्मासिस्टांनी दिलं, डॉक्टरांनीही लिहून दिलं आणि लोकांना 'गुण' येत राहिला. २०२३ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने पुरावे तपासले आणि ते नेहमीच्या डोसमध्ये उपयोगाचं नाही असा एकमताने निर्वाळा दिला. गिऱ्हाईक खूश आहे म्हणजे औषध लागू पडतंय, असा अर्थ निघत नाही. तो निघतो चाचणीतून, जिथे निम्म्या लोकांना नुसती औषध नसलेली गोळी दिलेली असते.

मग शिकलेला माणूस वेगळं काय करतो? तो आधी विचारतो. ब्रिटनमध्ये काउंटरवरच्या मदतनिसांना पाच प्रश्न पाठ करायला लावतात: औषध कुणासाठी, त्रास काय, किती दिवसांपासून, आतापर्यंत काय केलं, दुसरी कुठली औषधं चालू आहेत. दिसायला बाळबोध आहेत, पण शेवटच्या प्रश्नाची किंमत बघा. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक नळी मोकळी ठेवण्याचं काम याच द्रव्यांचं. ती तयार झाली नाहीत की नळी आकसते. रक्तदाबाच्या 'प्रिल' किंवा 'सार्टन'ने संपणाऱ्या नावांच्या गोळ्या गाळणीतून रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतात. त्यात लघवी वाढवणाऱ्या गोळीने अंगातलं पाणी आधीच कमी केलेलं असलं, तर गाळणीत रक्त गाळण्यापुरता दाबच उरत नाही. डॉक्टर या तिहेरी माऱ्याला 'ट्रिपल व्हॅमी' म्हणतात. "बीपीची गोळी चालू आहे का?" हे विचारायला किती वेळ लागतो?

पहिल्या प्रश्नाचंही तसंच. विकत घेणारा आणि गोळी गिळणारा एकच असेल असं नाही. क्लोरफेनिरामाइन असलेली सर्दीची गोळी तिशीतल्या माणसाला फार तर पेंग आणेल. तीच प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडवू शकते. मुलांना ॲस्पिरिन द्यायचं नाही, कारण फ्लू किंवा कांजिण्यांनंतर त्यातून रे सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूवर येणारा जीवघेणा आजार होऊ शकतो. गोळी कुणाच्या पोटात जाणार हे ठाऊक नसताना ती निरुपद्रवी आहे असं म्हणताच येत नाही.

निरनिराळ्या देशांत संशोधकांनी गिऱ्हाईक बनून दुकानं पडताळली आहेत. त्यातून पुन्हा पुन्हा समोर आलेली गोष्ट अशी, की गिऱ्हाइकाने त्रास सांगितला तर त्याला थोडेफार प्रश्न विचारले जातात. औषधाचं नाव घेऊन मागितलं की प्रश्न आटतात, अगदी जिथे शिकलेला माणूस बसलेला असतो तिथेही. तेव्हा नाव आपणच फेकायचं आणि मग "काही विचारलं नाही" म्हणायचं, हे काही खरं नाही.

कधीकधी खरा सल्ला एकही गोळी न विकण्याचा असतो. तीन आठवडे पोटात जळजळ होतेय असं कुणी सांगितलं आणि विचारल्यावर शौचाला डांबरासारखं काळं होतंय असं कळलं, तर आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. त्याला अँटासिड नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर हवा. पण हा रंगाचा प्रश्न सुचायला शिक्षण लागतं, आणि विक्री सोडून द्यायला मालकाची परवानगी.

तोवर आपल्या हातात आहे ते करावं. काउंटरवर "फार्मासिस्ट कोण आहेत?" असं सरळ विचारावं. घरात ज्यांना रोजची औषधं चालू आहेत, त्यांच्या पाकिटांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. मोठ्या अक्षरांतलं नाव फारसं कामाचं नसतं. फोटो काढायचा तो घटकांची यादी छापलेल्या बाजूचा.