श्वास रोखल्यावर घुसमट कशामुळे होते?

पाण्यात बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो, ही पैज विहिरीत पोहायला शिकलेल्या बहुतेकांनी लहानपणी लावलेली असते. छाती दाटून येते, राहवत नाही आणि आपण वर येतो. अंगातला ऑक्सिजन संपला म्हणून असे झाले, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्या क्षणी रक्तात बहुधा पुरेसा ऑक्सिजन शिल्लक असतो. घुसमट होते ती मुख्यतः साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. या वायूमुळे रक्ताची आम्लता वाढते, मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतील संवेदी पेशींना ती जाणवते आणि श्वास घेण्याचा आदेश इतका तीव्र होतो, की तोंड मिटलेले असतानाही श्वासपटल (छाती व पोट यांमधला श्वासाचा स्नायू) आपोआप आचके देऊ लागते.

चेहरा थंड पाण्यात असेल, तर शरीर काटकसरही करू लागते. हृदयाचे ठोके मंदावतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्त मेंदू व हृदयाकडे वळते, आणि प्लीहा (पोटात डाव्या बाजूला असलेला अवयव) आकसून तिच्यात साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. इंडोनेशियातील बजाऊ लोक पिढ्यानपिढ्या समुद्रात बुड्या मारून मासे पकडत आले आहेत. त्यांची प्लीहा शेजारच्या सालुआन लोकांपेक्षा सरासरी 50 टक्क्यांनी मोठी असल्याचे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. स्वतः कधी बुडी न मारणाऱ्या बजाऊंमध्येही ती मोठीच आढळली, हे मला विशेष वाटते.

मुलांना आवर्जून सांगायला हवी ती गोष्ट मात्र वेगळी आहे. बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेतले की जास्त वेळ टिकता येते, हे खरे आहे. पण त्याचे कारण घातक आहे. निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन एरवीच 95 टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेले असते, त्यामुळे अशा श्वासांनी त्यात फारशी भर पडत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे धोक्याची सूचना देणारा वायूच. मग घुसमट जाणवण्याआधीच ऑक्सिजन मेंदूला पुरेनासा होतो आणि पट्टीचा पोहणाराही पाण्याखाली बेशुद्ध पडतो. तो धडपडत नाही, हाक मारत नाही. काठावरच्यांना तो अजून श्वास रोखून आहे, असेच वाटत राहते.